नऊ जणांनी व्हिडिओ काढला, ११२ ला फोन एकानेही केला नाही

कुळागर · रविवार, रात्री ९:४०

गावाचं नाव लिहीत नाही. फोंडा तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. त्यांनी कृपया इथे नावं घेऊ नयेत.

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावर कोयता चालला. दोघे चुलतभाऊ. दोन घरांच्या मधून जुनी पायवाट, तिच्यावर एकाने चिरे रचायला घेतले, दुसऱ्याने ते ढकलून दिले. एकाची दोन बोटं गेली, दुसरा कोठडीत आहे. पेपरात चार ओळी आल्या, 'जमिनीच्या वादातून हल्ला'.

हे भांडण त्या दिवशीचं नव्हतं. चिऱ्यांचा टेम्पो आला तो चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी. तेव्हापासून रोज दिवेलागणीला शिव्यांचा कार्यक्रम. "एक दिस तुजे हात तोडटलों" हे वाक्य मी आमच्या सोप्यावर बसून, चहा पिता पिता, निदान पाच वेळा ऐकलं आहे. बायको म्हणायची, जरा जाऊन बघा तरी. मी म्हणायचो, "आमकां कितें पडलां? घरचें झगडें तें."

त्या दिवशी आरडाओरडा झाल्यावर धावलेल्यांत मीही होतो. रात्री वाड्याच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ मोजले. वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले नऊ. ११२ ला फोन मात्र कुणाचाच नाही. पलीकडच्या भाटात पाडेली नारळ पाडत होता. तो माडावरून उतरला आणि आपल्या बटणांच्या फोनवरून त्याने १०८ लावला. आमच्या हातात त्याच्यापेक्षा दहापट महाग फोन होते.

गोव्यातल्या गुन्ह्यांवर बोलायचं म्हटलं की आपण किनाऱ्यावरची पात्रं काढतो. ड्रग्ज, कॅसिनो, परप्रांतीय, रात्रीचे क्लब. त्यात खोटं काही नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे पाहा. देशभरात २८,५२२ खून. त्यांतले ९,९६२ 'वादातून', ३,७६१ वैमनस्यातून. पैशाच्या किंवा इतर लाभासाठी झालेले १,८८४. आपण ज्याला घाबरून खिडक्यांना गज बसवतो, त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे विरजण मागायला जातो त्याच्याशी झालेला वाद जास्त माणसं मारतो.

वाद वाड्याला माहीत असतो. आमच्याही वाड्याला होता. म्हणून विचारतो: पोलीस, सरकार, कोर्ट यांचं जे काय ते आहेच, पण त्या चार महिन्यांत माझ्यासारख्याने नेमकं काय करायला हवं होतं? 'समाज सुधारला पाहिजे' छापाची उत्तरं नकोत.

---

बिंबल · रविवार, रात्री १०:०५

काय करायला हवं होतं? दोघांनाही धरून दोन-दोन हाणायला हव्या होत्या, तिथल्या तिथे. पूर्वी गावात हेच चालायचं आणि तेव्हा खूनही होत नव्हते. आणि परप्रांतीयांचं तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत, ते पटलं नाही. भाड्याच्या खोल्यांत कोण राहतंय याचा कुणाला पत्ता नाही. घाटी येतात, कांड करतात, रात्रीच्या गाडीने पसार.

---

अबोली · रविवार, रात्री १०:२२

बिंबल, पूर्वी खून होत नव्हते हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या आजीकडे अशा चार गोष्टी होत्या, चारही गावातल्याच. विहिरीत 'पाय घसरून' पडलेल्या सुना मोजल्यात का?

कुळागर, तुमचा प्रश्न आवडला. माझं उत्तर छोटं आहे, पण अनुभवाचं आहे.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर नवरा मारायचा. भिंतीतून ऐकू यायचं. पहिल्या खेपेला मी टीव्हीचा आवाज वाढवला, हे कबूल करते. दुसऱ्या खेपेला वाटी घेऊन खाली गेले, बेल वाजवली, हळद मागितली. त्याने दार उघडलं, घामाघूम. हळद दिली. मार थांबला. त्या रात्रीपुरता का होईना, थांबला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईही हळद मागायला जाऊ लागल्या. महिन्यात त्यांच्याकडची हळद संपली असणार!

पुढे ती स्वतःच बोलली, तेव्हा १८१ वर फोन करून दिला. खूप जणींना माहीत नसतं म्हणून लिहिते: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती देता येते. त्यासाठी पीडितेचं नातेवाईक असावं लागत नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती दिली तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. 'घरचं भांडण' हा शब्द कायद्याने २००५ साली मोडीत काढला, आपण अजून वापरतोय.

---

जुनी_खाकी · रविवार, रात्री ११:१०

तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. ठाण्याचं नाव विचारू नका.

बिंबलसाहेब, तुमच्या 'दोन हाणा'चं आधी बघू. नागरिकाला अटक करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. पण कधी? तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा तो माणूस घोषित गुन्हेगार असला, तरच. आणि धरल्यावर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. हाणण्याचा अधिकार त्यात कुठेच नाही. हाणलंत की आरोपींच्या यादीत तुमचं नाव चढतं. अशी चांगल्या घरची पोरं मी लॉकअपमध्ये रडताना पाहिली आहेत. "आम्ही चोर पकडला होता हो" म्हणत.

आता कुळागर. 'हात तोडीन' ही नुसती धमकी अदखलपात्र. साधी मारहाणही अदखलपात्र. तुम्ही ठाण्यात आला असतात तर 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात कागद दिला असता. लोक म्हणतात, पोलिसांनी काहीच केलं नाही. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय एनसीचा तपास करता येत नाही, हे लोकांना कुणी सांगत नाही. आमच्यातलेही काही सांगायचा कंटाळा करतात, हेही खरं.

पण एनसीचा कागद फुकट जात नाही. दोन-तीन एनसी साठल्या की 'चॅप्टर केस' करता येते. कलम १२६, पूर्वीचं १०७. कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभं करून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, एक वर्षापर्यंतचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मामलेदार कचेरीत दोन फेऱ्या घालून, जामीनदार शोधून, सही करून आलेला माणूस कोयता उचलताना एकदा तरी विचार करतो. मी निदान डझनभर जण असे शांत झालेले पाहिलेत. त्यांची बातमी कधी आली नाही. न झालेल्या खुनाची बातमी कशी येणार?

कागदच नसेल तर मात्र आमच्या हातात काही नसतं. कोयता चालल्यावर पंचनाम्याला गेलो की अख्खा वाडा सांगतो, "साहेब, हे होणारच होतं." मग आधी का नाही आलात बाबांनो?

---

कुळागर · सोमवार, सकाळी ७:१५

खाकीसाहेब, शेवटचं वाक्य लागलं. लागायलाच हवं होतं.

---

घाटावरचा · सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी चंदगडचा, वेर्ण्याला कारखान्यात आहे. नऊ वर्षं झुआरीनगरात भाड्याने राहतो. म्हणजे बिंबल यांचा घाटी मीच.

खोलीत आलो तेव्हा घरमालकाला आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, गावचा पत्ता दिला. भाडेकरूचा अर्ज पोलिसांत द्या म्हणून. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. का? कारण अर्ज दिला की पाठीमागे सहा खोल्या बांधून भाड्याने लावल्यात हे कागदावर येतं. मग पंचायतीची घरपट्टी, मग परवाना कुठंय हा प्रश्न. एका खोलीत आठ जण, आठांचं रोख भाडं, पावती नाही. आता सांगा, 'कोण राहतं पत्ता नाही' ही चूक आठांची की एकाची?

आमच्या चाळीत मारामाऱ्या होतात, नाकारत नाही. पगाराच्या दिवशी जास्त. पण आम्ही कुणाला सांगावं? ग्रामसभेत बोलायचं तर तिथल्या मतदारयादीत नाव लागतं. माझं चंदगडला आहे. मागे दोन पोरांत सुरा निघाला तेव्हा मधे पडलो, हाताला सहा टाके आहेत. घरमालक दुसऱ्या दिवशी आला आणि भिंतीला डाग पडला म्हणून रंगाचे पैसे मागितले.

कांड करून पळणारे असतात, असतातच. पण माझ्यासारख्याने पोलिसांना फोन केला तर पहिला प्रश्न येतो, "तू कुठला?" म्हणून पुढच्या वेळी फोन करायला हात धजत नाही.

---

बिंबल · सोमवार, दुपारी ३:०२

घाटावरचा, तो शब्द वापरायला नको होता. घेतला मागे. घरमालकांबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या मामाच्याच पाच खोल्या आहेत. विचारतो त्याला.

---

काउंटरमागचा · सोमवार, सायंकाळी ५:४८

वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. डिचोली भागात छोटा बार आहे, वडिलांच्या काळापासून. तेव्हा त्याला तावेर्न म्हणायचे.

हिंसाचार म्हटलं की दारू येणारच, तर मीच बोलतो. आमच्याकडे वडिलांनी घालून दिलेली पद्धत आहे: पाडेली आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे) कोयता घेऊन आत येत नाहीत. दाराशेजारी खिळा आहे, तिथे टांगायचा. निघताना घ्यायचा. आणि पाय लटपटत असतील तर मिळत नाही, सकाळी या. कुणी रागावत नाही, कारण सगळ्यांना तोच नियम. वडील म्हणायचे, "सोरो विकतां, झगडीं विकना."

दुसरी गोष्ट, उधारी. उधारीवर पिणारा जास्त पितो आणि वही दाखवली की तोच जास्त भांडतो. मी वही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फाडून टाकली. धंदा थोडा बसला. पण तेव्हापासून माझ्या बारमध्ये बाटली फुटलेली नाही.

तिसरी गोष्ट मला अजून जमत नाही. अठराच्या खालची पोरं. कायद्याने १८ च्या आत द्यायची नाही. पण चेहऱ्यावरून कळत नाही आणि ओळखपत्र मागितलं की पोराचा बापच दुसऱ्या दिवशी विचारायला येतो, "माझ्या पुताक कशाक अडयलो?" शपथेवर सांगतो, बाप!

---

मास्तर_सत्तरी · सोमवार, रात्री ८:३०

शाळेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

संविधानाच्या कलम ५१क मध्ये मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेली. त्यात एक आहे, 'सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवणे व हिंसाचाराचा निग्रहपूर्वक त्याग करणे'. आमची मुलं हे घडाघडा म्हणतात. 'निग्रहपूर्वक' म्हणजे काय विचारलं तर एकाने सांगितलं, "पूर्वेकडचा ग्रह, सर." हसू नका, चूक त्याची नाही.

कर्तव्य पाठ होऊन अंगात येत नाही. मी शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर असतो. आमच्याकडे मैदानावरचं भांडण मैदानाबाहेर जातं, मग ते दोन वाड्यांचं होतं, मग शिगम्याच्या रोमटामेळात, ढोलताशांच्या मिरवणुकीत, त्याचा हिशेब निघतो. पाच वर्षांपूर्वी एक नियम केला. हाणामारी झाली तर ज्याने सुरू केली त्याच्याबरोबर ज्याला मार बसला तोही, आणि बघत उभे राहिलेले अकराच्या अकरा, पुढच्या रविवारी मैदान झाडतात. पालक भडकले. मार खाणाऱ्याला शिक्षा कशाला? त्यांचं बरोबर होतं, त्याला वगळलं. पण बघ्यांचं झाडणं कायम ठेवलं. आता धक्काबुक्की सुरू झाली की पहिले बघे धावतात, कारण झाडू त्यांना मारावा लागतो. मूल्य म्हणा की झाडूची भीती म्हणा. सुरुवात भीतीने झाली, आता सवय झाली आहे.

---

बांद्याचा · मंगळवार, सकाळी १०:१०

सीमेपलीकडून नमस्कार. आमच्याकडे महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती. आर. आर. पाटील गृहमंत्री होते. तुमच्या पायवाटेसारखी प्रकरणं गावातच बसून मिटवायची, असा हेतू.

आमच्या गावात पहिली दोन-तीन वर्षं खरंच चांगली गेली. बांधाचे वाद मिटले, भावाभावांनी कोर्टातले दावे मागे घेतले. कारण समितीत एक निवृत्त तलाठी होते, त्यांना प्रत्येक गट नंबर तोंडपाठ. मग बक्षिसाची हवा लागली. बक्षीस हवं तर तंटे 'मिटलेले' दिसले पाहिजेत. मग एका मुलीच्या छेडछाडीचंही 'मिटवलं'. तिला मंदिरात बोलावून दोघांना नारळ दिला. ती मुलगी नंतर गावात राहिली नाही.

म्हणून करा, पण काय मिटवायचं आणि काय मिटवायचं नाही हे आधी ठरवा. जमीन, पाणी, गुरं, आवाज, हे बसून मिटवा. बाईच्या अंगावर हात, लहान मूल, शस्त्र, यात समिती बसवूच नका. थेट पोलीस.

---

अबोली · मंगळवार, सकाळी १०:४५

बांद्याचा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून चावडीवर लावावा असा आहे. आणि मुलांच्या बाबतीत तर निवड हातात नाहीच. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, माहिती असून कळवलं नाही तर तोच गुन्हा. गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही आहे, २००३ चा. त्यात हॉटेलवाल्यांवर जबाबदारी टाकली आहे: घरच्यांबरोबर नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्यांनाही त्यात धरलं होतं. फोटो धुणं संपलं, पण जो पहिला पाहतो त्याने बोलायचं, ही कल्पना मला आवडते.

अवांतर: स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा रोखण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. पुढे तिथल्या डॉक्टरांनी दंतवैद्यांना, केस कापणाऱ्यांनाही शिकवलं की घरी मार खाणारी व्यक्ती कशी ओळखायची, काय विचारायचं. वाचल्यावर मला आपला पोदेर, दारोदार फिरणारा पाववाला, आठवला. रोज दोनदा प्रत्येक दारात सायकलचा पोंपों. कुणाच्या डोळ्याखाली काळं झालंय, कोण चार दिवस दारात आलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं?

---

संपादक · मंगळवार, दुपारी १२:००

एका सदस्याने आरोपीचं नाव आणि घराचा फोटो टाकला होता. प्रतिसाद काढला आहे. तो व्हिडिओही इथे चिकटवू नये. ज्याची बोटं गेली त्याची शाळेत जाणारी मुलं आहेत.

---

माडाचो_रोस · मंगळवार, दुपारी ४:२०

सगळं छान छान चाललंय. पण जरा थांबा. चौकातला दिवा सहा महिने बंद, ठाण्यात गाडी नाही, दावा वीस वर्षं कोर्टात. आणि उपाय काय, तर तुम्ही हळद मागायला जा! नागरिकांनी सगळं केलं तर सरकार कशाला?

आणि साक्ष दिली तर पुढे काय होतं ते विचारा. माझ्या वडिलांनी अपघाताची साक्ष दिली होती. अकरा वर्षं तारखा. शेवटी त्यांना काय पाहिलं तेच आठवेना.

---

जुनी_खाकी · मंगळवार, रात्री ९:५५

रोसबाब, तुमचं म्हणणं डावलता येत नाही. साक्षीदाराला कोर्टाच्या पॅसेजमध्ये आरोपीशेजारच्या बाकावर बसवून ठेवतात, हे मी स्वतः पाहिलंय. आणि काही वेळा मीच बसवलंय. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली. नव्या संहितेत तर राज्याने अशी योजना करावी असं कलमच आहे. साक्षीदाराने अर्ज करावा लागतो. आजवर माझ्याकडे एकानेही तो मागितला नाही, कारण तो आहे हेच माहीत नाही.

अपघाताचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, आणि त्याने नाव सांगायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर.

दिवा लावणं पंचायतीचं काम, मान्य. पण दिवा बंद आहे हा अर्ज कुणी दिलाय का? जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या महिन्यांत रविवारी ग्रामसभा असते. तिथे कुणाची रस्त्याची टेंडरं आणि कुणाचं बेकायदा बांधकाम यावर तीन तास भांडतात. दिव्याचा विषय यायच्या आत लोक मासे आणायला उठतात.

---

माडाचो_रोस · मंगळवार, रात्री १०:०८

अर्ज नाही दिला. देतो. 😀

---

घाटावरचा · बुधवार, सकाळी ६:५०

पोदेरवालं वाचून एक सांगायचं राहिलं. आमच्या चाळीत पोदेर येतो, पण आत येत नाही. रस्त्यावरूनच पोंपों. आम्हीच बाहेर जातो. काल त्याला म्हटलं, आत ये की, सहा खोल्या आहेत, रोजचे तीस पाव जातील. आज आला.

---

कुळागर · शनिवार, सायंकाळी ७:२५

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत काय झालं ते लिहितो.

ठाण्यात जाऊन जबाब दिला. चार महिन्यांतल्या धमक्यांसकट, मी ऐकून गप्प बसलो हेही सांगून. लिहिणाऱ्या हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. ग्रुपवर लिहिलं की ज्यांच्याकडे व्हिडिओ आहेत त्यांनी ते पोलिसांना द्यावेत आणि इतरांना पाठवणं बंद करावं. नवांपैकी तिघांनी दिले. दोघे ग्रुप सोडून गेले.

कोठडीतल्या भावाच्या आईला भेटायला गेलो. तिने पहिलं विचारलं, "तूं साक्ष दिवंक कित्याक गेलो रे?" मी उत्तर शोधत उभा होतो. तिने चहा आणला. पायवाटेबद्दल तीच बोलली. सासऱ्यांच्या वेळी ती वाट दोन्ही घरांची होती म्हणाली, बैलगाडी जायची. मला हे ठाऊकच नव्हतं. मामलेदाराच्या कोर्टात वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा हटवण्यासाठी अर्ज करता येतो, हे एका वकील मित्राकडून कळलं. १९६६ चा कायदा आहे. चवथीच्या आधी हे विचारलं असतं तर फुकटात कळलं असतं.

दोन्ही घरच्या बायकांनी, पुरुषांना न विचारता, मोजणीचे पैसे निम्मे-निम्मे भरले आहेत. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढला, त्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. सर्वेवाले सोमवारी येणार. चिरे तिथेच आहेत, त्यावर आता शेवाळ धरलंय. जखमी भाऊ घरी आला, डाव्या हाताला पट्टी आहे. सोमवारी त्याला वाटेवर खुर्ची टाकून बसायचं आहे म्हणतो. मी म्हटलं, मीही बसतो.

पाऊस नसला तर.